गॅसचं पेव

कोल्हापुरात आमच्या गल्लीत पाइपचा गॅस आला तेव्हा जो तो विचारत होता, बिल किती येतं. शेजारच्या मावशींनी मात्र मला वेगळंच विचारलं. "अगं, सिलिंडर परत द्यायचा म्हणतात, ते ठीक हाय. पर माझ्याकडं कायम दोन असतात. एक संपला की दुसरा लावतो. कोपऱ्यात भरलेला सिलिंडर असला की मी निवांत झोपतो बघ. आता ह्या पाइपातला गॅस संपला, तर ह्यांनी दुसरा सिलिंडर ठेवलाय कुठं?"

मी आयुष्यभर कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच कुणी विचारला असेल. जगातल्या अनेक देशांनी आपला दुसरा सिलिंडर जमिनीच्या पोटात ठेवलेला आहे, तोही बहुतेक ठिकाणी अशा जागी, जिथून पूर्वी गॅस उपसून संपवला. रिकाम्या झालेल्या गॅसच्या खाणीत पुन्हा गॅस भरायचा, आणि लागेल तेव्हा काढायचा. मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे पेवच की!" अगदी बरोबर. पेवच.

ज्यांनी पेव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. माझं आजोळ सांगलीजवळच्या हरिपूरचं. हळदीच्या पेवांचं गाव. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत पोट मोठं, एखाद्या रांजणासारखं. तिथली माती अशी घट्ट आणि कोरडी की आत ओल शिरत नाही. हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून माती लिंपायची, आणि मग वर्ष जावो की दोन वर्षं, हळदीला कीड लागत नाही, कारण आत हवाच नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी तोंड मोकळं सोडून थांबायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. मी आठ-नऊ वर्षांची असेन, पहिल्यांदा कंदील खाली गेला आणि फुंकर मारल्यासारखा विझला. मामा म्हणाले, "अजून थांबा." तासाभरानं पुन्हा सोडला, तेव्हा तो तळापर्यंत पेटता राहिला. मगच माणूस उतरला. २००५ च्या महापुरात त्यातली कितीतरी पेवं पाण्याखाली जाऊन कायमची निकामी झाली. पण जमिनीला भांडं मानणं ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही, एवढं त्यावरून कळतं.

आधी दोन गॅसची गल्लत दूर करू. सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. तो थोड्याशा दाबाखाली पातळ होतो, म्हणून लाल टाकीत १४.२ किलो भरून घरात आणता येतो. पाइपातून येतो तो नैसर्गिक वायू, म्हणजे जवळजवळ सगळा मिथेन. तो नुसत्या दाबानं पातळ होत नाही. त्यासाठी त्याला शून्याखाली १६२ अंशांपर्यंत थंड करावं लागतं. तेव्हा कुठे तो सहाशे पटीनं आकसतो आणि जहाजातून आणता येतो. यालाच एलएनजी म्हणतात. पण थंड ठेवलेला हा द्रव थर्मासमधल्या चहासारखा असतो. कितीही जाड भिंतीची टाकी करा, बाहेरची उष्णता आत झिरपतेच आणि तो हळूहळू उकळून वायू होत राहतो. काही दिवसांचा, फार तर काही आठवड्यांचा साठा असा ठेवतात. महिनोन्‌महिने ठेवायचा तर परवडत नाही. पोलादी टाक्यांत दाबून ठेवायचा म्हटलं, तर एका शहराला लागतील इतक्या टाक्या ठेवायला दुसरं शहर वसवावं लागेल. म्हणून जमीन.

आता जमिनीखाली म्हणजे नेमकं कुठं? बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गुहा येते, भली मोठी पोकळी, आणि त्यात गॅस कोंडलेला. तसं नसतं. गॅस दगडात असतो. दगडाच्या कणाकणांमधल्या जागेत.

हे समजून घ्यायला माझ्या गॅलरीत या. आंबा घाटाकडून आणलेला जांभ्याचा एक तुकडा माझ्याकडे आहे, आणि इथल्याच विहिरीतून निघालेला काळ्या पाषाणाचा एक. दोन्ही सुकवून वजन केलं आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवलं. जांभा पाण्यात गेल्या गेल्या बुडबुडे सोडू लागला, पाच-दहा मिनिटं त्याची चुळबुळ चालू होती. सकाळी तो ३ किलो २०० ग्रॅमचा ३ किलो ५०० ग्रॅम झाला होता. तीनशे ग्रॅम पाणी त्यानं पोटात घेतलं, आणि दिसायला तसाच. काळ्या पाषाणाचा काटा हलला म्हणावा इतकाही हलला नाही. गंमत म्हणजे भोकं त्या काळ्या दगडातही आहेत. लाव्हा निवताना त्यात अडकलेले वाफेचे बुडबुडे, काहींत पांढरी खनिजं भरलेली. पण ती भोकं एकमेकांना जोडलेली नाहीत. बंद खोल्या आहेत, मध्ये दार नाही. जांभ्यात खोलीतून खोलीत जायला वाट आहे.

गॅस साठवायला दोन्ही लागतं. दगडात जागा हवी आणि त्या जागांमधून वाट हवी. वाळूचे कण लाखो वर्षं दाबले जाऊन झालेला वालुकाश्म, किंवा काही चुनखडक, यांत हे दोन्ही मिळतं. त्याच्या डोक्यावर मात्र अगदी उलट जातीचा दगड पाहिजे: चिकणमातीचा शेल किंवा मीठ, ज्यातून काही पार होत नाही. आणि हे दोन थर वाकून पालथ्या परातीसारखे झालेले असले पाहिजेत. गॅस हलका, तो वर चढतो, परातीखाली जाऊन अडकतो. त्याच्याखाली पाणी. झालं गॅसचं क्षेत्र. खालच्या कुठल्यातरी थरात गाडल्या गेलेल्या जिवांचा गॅस होतो, वर सरकतो, या परातीखाली येऊन बसतो आणि कोट्यवधी वर्षं तिथंच राहतो.

"कोट्यवधी वर्षं" हे शब्द वाचून पुढे जाऊ नका, सगळ्याचा पाया तिथं आहे. जे भांडं इतका काळ गळलं नाही त्याची परीक्षा घ्यायला दुसरी कुठली प्रयोगशाळा हवी? माणसानं बांधलेल्या कुठल्याही टाकीला असा दाखला मिळत नाही. शिवाय ज्या क्षेत्रातून वीस-तीस वर्षं गॅस काढला, त्याचा सगळा हिशोब वहीत असतो. किती गॅस काढल्यावर दाब किती उतरला, कुठल्या विहिरीतून जोरात आला, कुठल्या बाजूनं पाणी चढलं. त्या पोटात किती मावतं हे अंदाजानं ठरवावं लागत नाही. भरताना तोच हिशोब उलटा वाचायचा. इतका गॅस घातला तर दाब इतका व्हायला पाहिजे. तितका झाला नाही, तर कुठंतरी गळतंय.

दाबाची गोष्ट रिक्षावाल्यांना पटकन कळेल. जमिनीत जितकं खोल जावं तितका दाब वाढतो, साधारणपणे दर किलोमीटरला शंभर बार. एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब. दोन किलोमीटर खोल असलेल्या क्षेत्रात मूळचा दाब दोनशे बारच्या आसपास. आणि रिक्षाच्या सीटखालची सीएनजीची, म्हणजे दाबलेल्या नैसर्गिक वायूची, टाकी भरतात तीही दोनशे बारलाच. म्हणजे त्या खोलीवरचा प्रत्येक घनमीटर मोकळी जागा ही सीएनजीच्या टाकीइतकीच दाबून भरलेली असते, फक्त टाकी पोलादाची नसून दगडाची. आपल्या स्वयंपाकघरात तोच गॅस येतो तेव्हा दाब एका बारच्या पन्नासाव्या हिश्शाइतका उरलेला असतो.

ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१५ साली कॅनडात ऑन्टारिओ प्रांतातल्या वेलंड भागात रिकाम्या होत आलेल्या गॅस विहिरींत पहिल्यांदा गॅस परत भरून पाहिला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बफेलो शहराच्या दक्षिणेला झोर नावाच्या क्षेत्रात तेच केलं, आणि ते भांडार आजही वापरात आहे. कारण साधं होतं. थंड मुलुखात हिवाळ्यात घरं तापवायला गॅस प्रचंड लागतो, उन्हाळ्यात कुणी विचारत नाही. आणि विहिरी आणि पाइपलाइन तर बारा महिने सारखाच गॅस देतात. आपल्याकडे गुऱ्हाळं चालू असताना गूळ उदंड येतो आणि पुढे वर्षभर लागतो, म्हणून शीतगृहं उभी राहिली. तसंच हे.

काम कसं चालतं, ते थोडक्यात. जुन्या विहिरी तपासायच्या, खराब असतील त्या सिमेंटनं कायमच्या बंद करायच्या, चांगल्या असतील त्या दुरुस्त करायच्या, लागतील तितक्या नव्या खणायच्या. वर मोठाले कॉम्प्रेसर बसवायचे. स्वस्ताईच्या दिवसांत पाइपलाइनमधला गॅस ओढून विहिरीतून खाली दाबायचा. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो तसा दाबलेला गॅसही तापतो, म्हणून त्याला पंख्यांखालून थंड करून मग खाली सोडतात. काढताना उलटं घडतं. गॅस वर येता येता पसरतो आणि गार पडतो, बरोबर दगडातली वाफ घेऊन येतो. ती वाफ आणि मिथेन मिळून बर्फासारखे खडे बनतात आणि पाइप तुंबतात. म्हणून बाहेर आलेला गॅस ग्लायकॉल या पाणी शोषणाऱ्या द्रवातून नेऊन सुकवतात, सोबत वाळू आली असेल तर ती गाळतात, आणि मगच मोठ्या पाइपलाइनमध्ये देतात. आजूबाजूला काही विहिरी फक्त पहाऱ्यासाठी ठेवलेल्या असतात. त्यांतून गॅस काढत नाहीत, फक्त दाब मोजतात.

आता येतो तो भाग जो बातम्यांत नेहमी चुकतो, आणि कोल्हापूरच्या माणसाला समजायला सगळ्यांत सोपा जाईल. पावसाळ्यात आपण रोज पेपरात काय वाचतो? राधानगरीत एकूण साठा इतका, त्यात उपयुक्त साठा इतका. उरतो तो मृत साठा. धरणाच्या तळाचं ते पाणी असतं, पण कालव्यात उतरत नाही. गॅसच्या भांडारातही अगदी असेच दोन भाग असतात. खेळता गॅस, जो दरवर्षी आत-बाहेर होतो, त्याला वर्किंग गॅस म्हणतात. आणि जो कायम आतच ठेवावा लागतो तो कुशन गॅस, म्हणजे उशीचा. फरक एकच. धरणातलं मृत पाणी निव्वळ तळाला राहतं म्हणून मृत. कुशन गॅस मात्र राबत असतो. तो खालून दाब देतो म्हणून वरचा गॅस बाहेर येतो, आणि तोच बाजूनं घुसू पाहणाऱ्या पाण्याला थोपवून धरतो.

रिकाम्या गॅस क्षेत्रात साधारण निम्मा गॅस असा उशीत जातो. निम्मा! म्हणजे १०० रुपयांचा गॅस हाती यावा म्हणून आणखी १०० रुपयांचा कायमचा पुरून ठेवायचा. पाणी असलेल्या खडकात नव्यानं भांडार करायचं तर हे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंतही जातं. मिठाच्या थरात पाणी सोडून कोरलेल्या गुहांना २० ते ३० टक्के पुरतो, आणि त्या पटकन भरतात, पटकन रिकाम्या होतात, पण आकारानं लहान असतात. जुन्या गॅस क्षेत्रांना जगभर पसंती मिळते ती इथं. तिथं सगळा गॅस कधीच निघालेला नसतो, तळाचा बराचसा राहून गेलेला असतो. म्हणजे उशी काही प्रमाणात आधीच भरलेली मिळते. अमेरिकेतली भूमिगत साठवणुकीची सुमारे चार पंचमांश क्षमता अशाच जुन्या क्षेत्रांत आहे.

भांडार अर्धं भरलंय म्हणजे अर्धी चिंता मिटली, असंही समजू नका. गच्चीवरची टाकी भरलेली असली की खालच्या नळाला धार जोरात येते, टाकी उतरत गेली की धार बारीक होते. गॅसचं तसंच. भांडार भरलेलं असताना दाब जास्त, म्हणून रोज भरपूर काढता येतो. हिवाळ्याच्या शेवटी, नेमकी कडाक्याची थंडी लांबली तर, भांडारात गॅस असूनही हवा तितका वेगानं निघत नाही. म्हणून किती साठा आहे याच्या जोडीला तो किती वेगानं निघू शकतो, हेही विचारावं लागतं.

युरोपनं हे अंगावर काढून शिकलेलं आहे. जर्मनीत रेडेन नावाचं गाव आहे, तिथल्या जुन्या गॅस क्षेत्रात जमिनीखाली सुमारे दोन किलोमीटरवर त्या देशातलं सगळ्यांत मोठं भांडार आहे, जवळजवळ ४ अब्ज घनमीटर खेळत्या गॅसचं. सुमारे २० लाख घरांची वर्षभराची गरज. २०२१ च्या हिवाळ्यात शिरताना ते जवळपास रिकामं होतं. त्याची मालकी रशियन कंपनीच्या हाती होती, आणि भांडार भरलेलं ठेवलंच पाहिजे असा कायदाच नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं. मग धावपळ. जर्मनीनं ते भांडार सरकारी देखरेखीखाली घेतलं, नोव्हेंबरपर्यंत ९० टक्के भरण्याचा कायदा केला, युरोपीय संघानंही सगळ्यांना तसंच बंधन घातलं. वाटेल त्या किमतीला गॅस विकत घेतला गेला. ऑगस्टमध्ये युरोपच्या बाजारात दर मेगावॅट-तासाला ३०० युरोच्या वर गेला, जो आधीच्या वर्षांत २० च्या आसपास असे. नोव्हेंबरात भांडारं ९५ टक्के भरली. हिवाळा निभावला.

पण त्या उन्हाळ्यात जहाजं युरोपकडे वळली, आणि भारतासारख्या देशांना एलएनजी परवडेनासा झाला. इथं सीएनजीचे दर वर्षभरात कितीदा वाढले ते रिक्षावाल्यांना विचारा. रेडेनचं पेव रिकामं होतं याची झळ शाहूपुरीतल्या रिक्षा स्टॉपपर्यंत पोचली. मला हा विषय परका वाटत नाही तो यासाठी.

ब्रिटनची गोष्ट वेगळी, पण शिकण्यासारखी. उत्तर समुद्राच्या तळाखाली रफ नावाचं जुनं गॅस क्षेत्र १९८५ पासून भांडार म्हणून वापरत होते. देशाच्या साठवणुकीचा सुमारे ७० टक्के भाग त्या एकट्याचा. विहिरी जुन्या झाल्या, दुरुस्तीला पैसा कुणी घालेना, २०१७ मध्ये बंद केलं. पाच वर्षांनी, २०२२ च्या ऑक्टोबरात, घाईघाईनं थोडंसं पुन्हा उघडावं लागलं. आणि युक्रेनमध्ये, जिथं रशिया वगळता युरोपातली सर्वांत मोठी भांडारं आहेत, २०२४ मध्ये वरच्या यंत्रणेवर क्षेपणास्त्रं पडली. वरच्या यंत्रांचं नुकसान झालं, पण गॅस किलोमीटरभर दगडाखाली सुरक्षित राहिला.

मावशींचा पुढचा प्रश्न अर्थात हाच होता. "आणि फुटलं तर?"

धोका आहे. तो दोन ठिकाणी असतो, दगडात आणि विहिरीत.

दगडाचा धोका कोयना परिसरातल्या लोकांना वेगळा समजवावा लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आमच्या घरातल्या मोठ्यांनी शंभरदा सांगितलेली. धरणातलं पाणी जमिनीतल्या जुन्या भेगांत झिरपलं, तिथला दाब वाढला, आणि आधीच ताणलेला खडक सरकला, हे त्या ६.३ क्षमतेच्या भूकंपाचं शास्त्रज्ञांनी मांडलेलं कारण. स्पेनच्या पूर्व किनाऱ्याजवळ समुद्राखाली एका जुन्या तेलक्षेत्रात कॅस्टर नावाचं भांडार उभारलं होतं. सप्टेंबर २०१३ मध्ये उशीचा गॅस भरायला लागले आणि जमीन हलू लागली. शेकडो धक्के. गॅस भरणं थांबवल्यावरही धक्के येतच राहिले, त्यांतला मोठा ४ क्षमतेच्या वरचा. जीवितहानी झाली नाही, पण भांडार कायमचं बंद झालं, आणि ते उभारणाऱ्यांना सुमारे १३५ कोटी युरो भरपाई द्यावी लागली. म्हणून आता नियम काटेकोर असतात. मूळ दाबाच्या फार वर जायचं नाही, जवळ जिवंत भेग असेल तर जागाच नाकारायची, भूकंपमापक आधीपासून लावून ठेवायचे.

विहिरीचा धोका मात्र मला जास्त मोठा वाटतो. परातीला निसर्गानं भोक ठेवलेलं नव्हतं. भोकं आपण पाडली. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या कडेला अलिसो कॅन्यन नावाचं भांडार आहे, जुनं तेलक्षेत्र, त्या वेळी ११५ विहिरींचं. त्यातली एक विहीर १९५३ साली खणलेली. मुळात तेलासाठी. तिच्या आतली सुरक्षा झडप १९७९ मध्ये बिघडली म्हणून काढली, आणि पुन्हा बसवलीच नाही. गॅस आतल्या नळीतून आणि बाहेरच्या पोलादी आवरणातूनही वाहत होता, म्हणजे गॅस आणि माती यांच्यामध्ये एकच भिंत. ती भिंत बाहेरून, जमिनीतल्या पाण्यानं, गंजत गेली. २३ ऑक्टोबर २०१५ ला ती फुटली. वरून चिखल आणि पाणी ओतून विहीर बुजवायचे प्रयत्न एकामागून एक फसले. शेवटी बाजूनं दुसरी विहीर तिरकी खणून, तळाशी पहिलीला गाठून, फेब्रुवारी २०१६ मध्ये गळती थांबवली. जवळजवळ चार महिने. तोवर सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला होता.

नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र रसायन मिसळतात, आपल्या घरच्या गॅसमध्येही. तिथल्या वस्तीत तो वास महिनोन्‌महिने भरून राहिला. डोकं दुखणं, मळमळ, नाकातून रक्त. हजारो कुटुंबांना घरं सोडून दुसरीकडे राहावं लागलं. आणि वातावरणाचं नुकसान वेगळंच. वीस वर्षांच्या हिशोबानं मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटीहून जास्त उष्णता अडवून ठेवतो. मराठीत आपण एखाद्या गोष्टीचं पेव फुटलं असं म्हणतो. तिथं खरोखर फुटलं, आणि ते एका गंजलेल्या भिंतीमुळे, जिच्या जोडीला झडपही नव्हती.

आता आपलं घर. भारत वर्षाला ७० अब्ज घनमीटरच्या आसपास गॅस वापरतो आणि त्यातला जवळपास निम्मा परदेशातून, जहाजांनी आणतो. सगळ्यांत जास्त कतारहून, म्हणजे होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. तो खतांच्या कारखान्यांना लागतो, शहरांना लागतो, भट्ट्यांना लागतो. नैसर्गिक वायूचं भूमिगत भांडार मात्र आपल्याकडे आजवर एकही चालू झालेलं नाही. आहे तो साठा बंदरांवरच्या टाक्यांत, आणि पाइपलाइनच्या पोटात जितका दाबून बसतो तितका. कोल्हापूर जिल्ह्यातून जाणारी दाभोळ-बेंगळुरू पाइपलाइन जिथून निघते, ते दाभोळचं जहाजातला एलएनजी उतरवून घ्यायचं टर्मिनल कितीतरी वर्षं पावसाळ्यात बंद ठेवावं लागे, कारण लाटा अडवणारी भिंत पूर्ण झालेली नव्हती. त्या दिवसांत गॅस गुजरातकडून पाइपलाइननं खाली यायचा. जवळचं दार चार महिने बंद, आणि घरात दुसरा सिलिंडर नाही.

काही जण म्हणतील, आपल्याकडे विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूरला भूमिगत साठे आहेत की. आहेत, एकूण ५३.३ लाख टनांचे, आणि ते अभिमानाचं कामही आहे. पण ते कच्च्या तेलाचे. कठीण खडकात बोगद्यांसारख्या खोल्या खणल्या आहेत आणि भोवतीच्या भूजलाचा दाब तेलाला बाहेर पडू देत नाही. दोनशे बारचा गॅस तिथं ठेवता येणार नाही.

मग कोल्हापूरखालीच का नाही, असं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं होतं. इथं आपल्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत. त्यात जागा कमी, वाट त्याहून कमी, आणि जिथं वाट आहे तिथं ती भेगांची, म्हणजे गॅस धरून ठेवणारी नव्हे, सोडून देणारी. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा जांभा पाणी पितो खरा, पण त्याच्या डोक्यावर झाकण कुठं आहे? वर उघडं आभाळ. आपली जागा शोधायची ती गुजरातेत, जिथं १९५८-६० पासून खंबात आणि अंकलेश्वरकडे तेल-वायू काढला जातोय, किंवा मुंबईच्या पश्चिमेला समुद्राखाली वसईसारख्या मोठ्या गॅस क्षेत्रांच्या परिसरात, किंवा आसाम-त्रिपुरात. गुजरातची क्षेत्रं मला जास्त पटतात. ती जमिनीवर आहेत आणि देशातलं पाइपलाइनचं जाळं तिथूनच पसरतं. रेडेनएवढं एकच भांडार भरलेलं असलं, तर देशाचा जवळपास तीन आठवड्यांचा गॅस हाताशी राहील. आयात अडली तर फक्त तेवढीच तूट भरायची असल्यामुळे तोच साठा दुप्पट दिवस ओढता येईल.

अडतं कुठं? उशीत. निम्मा गॅस विकत घेऊन पुरायचा, तो कधीही विकायचा नाही, त्यावर व्याज चढत राहणार. कुठली कंपनी आपण होऊन हे करील? थंड देशांत उन्हाळ्यात स्वस्त घेऊन हिवाळ्यात महाग विकता येतो, त्या फरकातून खर्च निघतो. आपल्याकडे तसा हिवाळा नाही. आपल्याला भांडार हवं ते संकटासाठी, आणि संकट वेळापत्रकानं येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की हा खर्च धरणासारखा मानला पाहिजे. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी सुरू केलं तेव्हा त्यातलं तळाचं पाणी कुणाला विकणार, असा हिशोब कुणी मांडला नव्हता.

मावशींना हे सगळं सांगून झालं तेव्हा त्यांची भाकरी भाजून झाली होती. म्हणाल्या, "पैशाचं बघतील गं ते. पर त्या जुन्या विहिरींचं काय म्हणालीस? कुणी कधी खणल्या, कुठली झडप काढली, ह्याची वही हाय का कुणाकडं?"

सुरुवात तिथूनच व्हायला हवी. एखाद्या जुन्या क्षेत्रात भांडार करायचं ठरलं, तर पहिली दोन-तीन वर्षं गॅसचा एक फुगाही खाली जाणार नाही. साठ वर्षांत खणलेली विहीर न्‌ विहीर शोधायची. शेतात गाडली गेलेली, नकाशावर नसलेली, अर्धवट सोडून दिलेलीसुद्धा. तिचं आवरण कुठल्या साली बसवलं, सिमेंट कुठपर्यंत उतरलं, पोलाद किती गंजलंय, हे यंत्र आत सोडून इंच-इंच मोजायचं. हरिपुरात हळद भरण्याच्या आदल्या दिवशी मामा हेच करायचे. कंदील घेऊन पेवात उतरायचे, भिंतीवरून सगळीकडे तळहात फिरवायचे, जिथं बोटाला गार लागलं तिथं खडूनं खूण करायचे, आणि वर येऊन आजोबांना सांगायचे की उद्या भरायचं नाही.